सतरा हजारांचं पेन, चार हजारांचं बजेट : इंदूरच्या एका घराचं प्रकरण

इंदूरच्या लोकमान्य नगरातलं चौघांचं घर. बाई ४६ वर्षांच्या, एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात हिशोब पाहतात. नवरा, कॉलेजातला मुलगा आणि इन्सुलिनवर असलेल्या सासूबाई. प्रश्न बाईंच्या वजनाचा आणि ते उतरवायच्या औषधाच्या खर्चाचा. हे घर एकाच कुटुंबाचं नाही. शहरातल्या मराठी घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र बांधून ते उभं केलं आहे. औषधांचे डोस, कंपन्यांनी जाहीर केलेले भाव आणि चाचण्यांचे निकष मात्र खरे आहेत.

सप्टेंबर २०२५ची नोंद अशी. उंची १५६ सेंटिमीटर, वजन ८४ किलो, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) ३४.५, कंबर १०२ सेंटिमीटर. भारतीय निकषांत बायकांची कंबर ८०च्या आत हवी आणि बीएमआय २५च्या पुढे गेला की लठ्ठपणा धरतात, त्यामुळे औषध द्यावं की नाही हा प्रश्नच नव्हता. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) ६.४, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. सोनोग्राफीत यकृतावर चरबी. गुडघे दुखतात. आठ वर्षांपासून थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू, पण टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) दोन वर्षांत तपासलेला नाही. हे शेवटचं वाक्य कोणी मनावर घेतलं नाही.

पहिली फेरी

सेमाग्लुटाइड हे भूक कमी करणारं, आठवड्यातून एकदा टोचायचं औषध. त्याचं वजनासाठीचं ब्रँडेड पेन, वेगोव्ही, भारतात जून २०२५मध्ये आलं. ०.२५, ०.५ आणि १ मिलिग्रॅम या पहिल्या तिन्ही पायऱ्यांचा भाव महिन्याला १७,३४५ रुपये होता. बाईंनी तीन पेनं घेतली आणि ५२,०३५ रुपये मोजले. पैसे मुलाच्या फीसाठी ठेवलेल्या एफडीतून आले. तिसरं पेन घेतलं त्याच नोव्हेंबरात कंपनीनं भाव ३७ टक्क्यांपर्यंत उतरवले आणि ०.२५चं पेन १०,८५० वर आलं. तोवर घरातली गंगाजळी आटली होती.

औषधानं आपलं काम केलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वजन ७९.२ किलो होतं. मग पेन बंद झालं आणि भूक परत आली. फेब्रुवारीच्या मध्यात काटा ८२.४ दाखवत होता. घरात याचा अर्थ ‘हिचं तोंड सुटलं’ असा लावला गेला. तो चुकीचा होता. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं होतं. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं सुमारे दोन तृतीयांश परत चढलं. रक्तदाबाची गोळी सोडली की दाब चढतो, तसंच हे. म्हणून पहिल्या महिन्याच्या भावावरून औषध परवडतं की नाही हे ठरत नाही. ज्या डोसवर पुढे राहायचं त्याचा महिन्याचा भाव २४ने, म्हणजे दोन वर्षांच्या महिन्यांनी, गुणावा आणि तो आकडा घराच्या वहीत बसतो का ते पाहावं. हा गुणाकार सप्टेंबरात कोणी केला असता तर उत्तर चार लाखांच्या वर आलं असतं.

फेब्रुवारीत आणखी एक घोटाळा झाला. शेवटच्या पेनात १ मिलिग्रॅमचा एक डोस उरला होता. ‘वाया कशाला घालवायचा’ म्हणून बाईंनी तो घेतला. दोन दिवस उलट्या, तिसऱ्या दिवशी सलाईन. चुका दोन होत्या. एकदा वापरायला काढलेलं हे पेन सहा आठवड्यांपर्यंतच चालतं आणि इथे दहा आठवडे होऊन गेले होते. दुसरी चूक जास्त महागात पडली. इतका खंड पडला की पोटाला पुन्हा ०.२५पासून सवय लावावी लागते. दर पायरीला चार आठवडे थांबतात ते जठराची गती मंदावणं शरीराला पचावं म्हणून. दोन आठवड्यांहून जास्त डोस चुकले तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, हे पत्रकात लिहिलेलं असतं. पत्रक खोक्यासकट फेकलं गेलं होतं.

फोनवर आलेला स्वस्त पर्याय

सलाईन लागल्याचं कळताच बिल्डिंगमधल्या एकीनं नंबर दिला. पलीकडच्या माणसानं फोटो पाठवला : काचेची छोटी बाटली, तळाशी पांढरी पूड, १० मिलिग्रॅम, ‘पेप्टाइड’. सोबत निर्जंतुक पाणी. ‘भाभीजी, वही चीज़ है, बस डब्बा नहीं है.’ बिल नाही, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक नाही.

पुडीत काय आहे हे घरी कळायला मार्ग नाही. ती निर्जंतुक आहे का, वाटेत तापली का, हेही नाही. क्षणभर धरू की औषध अस्सल आहे. तरी मोजमापात घात होतो. १० मिलिग्रॅम पुडीत ४ मिलि पाणी घातलं तर एका मिलित २.५ मिलिग्रॅम औषध येतं. २ मिलि घातलं तर ५ मिलिग्रॅम. सिरिंजवर रेघ तीच, डोस दुप्पट. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी जुलै २०२४मध्ये व्हायलमधल्या, म्हणजे छोट्या बाटलीतल्या, सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला तो मोजमापातल्या चुकांमुळेच. लोकांनी ठरलेल्या डोसाच्या ५ ते २० पट औषध ओढलं होतं.

‘आयुर्वेदिक’ म्हणून डबीत मिळणाऱ्या वजनाच्या भुकट्यांचं दुखणं वेगळं. त्यांत सिब्युट्रामिन मिसळल्याची प्रकरणं जगभर सापडली आहेत. हृदयाला धोका म्हणून हे औषध भारतात २०११पासून बंद आहे. आठवड्यात भूक गायब, छातीत धडधड, झोप उडालेली, अशी लक्षणं देणारी भुकटी जडीबुटीची असण्याची शक्यता कमीच.

वहीत बसेल ते काय

नवऱ्यानं वहीत आकडा लिहिला : महिन्याला ४,००० रुपये, दोन वर्षं, सुया आणि तपासण्या धरून. फिजिशियननं हाच आकडा हाती घेऊन एकेक पर्याय तपासला.

टिर्झेपेटाइड, म्हणजे मौंजारो, मार्च २०२५मध्ये व्हायलमध्ये आलं. तेव्हा २.५ मिलिग्रॅमचे ३,५०० आणि ५ मिलिग्रॅमचे ४,३७५ रुपये होते, तेही दर आठवड्याला. ५ मिलिग्रॅमवर महिन्याचे साडेसतरा हजार. वजन उतरवण्यात ते सेमाग्लुटाइडच्याही पुढे आहे, पण त्याचं पेटंट अजून चालू आहे. म्हणून कुणी ‘जेनेरिक टिर्झेपेटाइड’ स्वस्तात देऊ लागला तर पुढचं ऐकायची गरज नाही.

लिराग्लुटाइडचं भारतीय रूप जानेवारी २०२४मध्ये ग्लेनमार्कनं मधुमेहासाठी आणलं. १.२ मिलिग्रॅमच्या रोजच्या डोसाला तेव्हा सुमारे १०० रुपये पडत. हा आकडा ऐकून बरेच जण ‘महिन्याचे तीन हजार’ असा हिशोब करतात. पण वजनासाठी अभ्यासलेला डोस ३ मिलिग्रॅमचा आहे. त्याच दरानं दिवसाचे २५० आणि महिन्याचे ७,५०० होतात. १८ मिलिग्रॅमचं एक पेन ०.६वर महिनाभर पुरतं, १.२वर पंधरा दिवस, १.८वर दहा आणि ३वर फक्त सहा दिवस. टोचायचं रोज, सुई रोज नवी. समोरासमोरच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइडनं १५.८ टक्के वजन उतरवलं, लिराग्लुटाइडनं ६.४. खर्चाला किलोंनी भागलं तर ‘स्वस्त’ इंजेक्शन महाग निघतं. सेमाग्लुटाइड सोसत नसलेल्या माणसाला त्याचा उपयोग आहे. या घराला नव्हता.

सेमाग्लुटाइडची गोळी, रायबेल्सस, इथे २०२२पासून मिळते, मधुमेहासाठी. ती उपाशीपोटी जास्तीत जास्त १२० मिलि पाण्यासोबत घ्यायची आणि पुढे अर्धा तास चहासुद्धा नाही. बाईंची थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच. दोन गोळ्या, एक रिकामं पोट आणि साडेसहाला सासूबाईंचा चहा : हे जमणार नाही हे दोन मिनिटांत उघड झालं.

शस्त्रक्रियेचा विषय निघाला आणि मिटला. आरोग्य विमा तिचा खर्च देतो तो बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल तर, किंवा गंभीर आजार सोबत असेल तर ३५पासून.

ऑरलिस्टॅट घेऊन पाहिलं. हे आतड्यातल्या चरबी पचवणाऱ्या लायपेजला अडवतं, त्यामुळे खाल्लेल्या चरबीतली सुमारे ३० टक्के न पचताच बाहेर पडते. १२० मिलिग्रॅम, तिन्ही जेवणांसोबत किंवा जेवणानंतर तासाभरात. जेवण चुकलं किंवा त्यात चरबी नसेल तर कॅप्सूलही नाही. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर. ए, डी, ई, के जीवनसत्त्वांची गोळी रात्री झोपताना. महिन्याला ९० कॅप्सूल लागतात, म्हणून दुकानात पट्टीचा भाव न विचारता एका कॅप्सूलचा विचारून ९०ने गुणावं.

दहा दिवस ठीक गेले. मग रंगपंचमी आली. गेर (रंगपंचमीची मिरवणूक) पाहून परतताना दोन कचोऱ्या, घरी भजी, वर शेव. तेल सहज ५० ग्रॅमच्या घरात. त्यातलं १५ ग्रॅम संध्याकाळपर्यंत जसंच्या तसं बाहेर. कपडे खराब झाले आणि बाईंनी कॅप्सूल बंद केली. औषध वाईट नव्हे. ज्या घरात पोह्यांवरही मूठभर शेव पडते तिथे आधी स्वयंपाक बदलावा लागतो, मग ऑरलिस्टॅट सोसतं. या क्रमानं घेणारे थोडे.

बिनखर्चाची दुरुस्ती

फिजिशियननं फेब्रुवारीत टीएसएच करवून घेतला तर तो ७.८ निघाला. थायरॉइडचा डोस ७५ मायक्रोग्रॅम केला आणि सहा आठवड्यांनी तपासणी लावली. त्यानं किलोच्या किलो उतरत नाहीत, पण थकवा, सूज आणि बद्धकोष्ठ कमी होतात. इंजेक्शननंही बद्धकोष्ठ होतं, म्हणून आधीचं निस्तरून घ्यायचं.

मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमची संथ विरघळणारी गोळी रात्रीच्या जेवणानंतर, दोन आठवड्यांनी १०००. जनऔषधी केंद्रात ती इतकी स्वस्त आहे की बजेटच्या वहीत तिला ओळसुद्धा लागली नाही. वजन दोन-तीन किलोंच्या पुढे ती सहसा उतरवत नाही. तिचा खरा उपयोग उंबरठ्यावरच्या साखरेला. मधुमेह टाळण्याच्या भारतीय अभ्यासात मेटफॉर्मिननं धोका २६.४ टक्क्यांनी घटवला, आहार-व्यायामानं २८.५ टक्क्यांनी. क्रम महत्त्वाचा : मेटफॉर्मिन आधी स्थिरावू द्यायचं, मग इंजेक्शन. दोन्ही एकदम सुरू केली तर मळमळ कुणाची ते ओळखू येत नाही आणि दोन्ही सुटतात. घर शाकाहारी, मेटफॉर्मिन बी१२ घटवतं, म्हणून बी१२ची चाचणीही करवून घेतली.

तेलाचा हिशोब नवऱ्यानं केला. १५ किलोचा डबा चौघांत ४५ दिवस. म्हणजे माणशी रोज ८३ ग्रॅम, सुमारे ७५० कॅलरी. थोडं तळणीचं उरतं, फेकलं जातं. ते वजा केलं तरी आकडा बोलका आहे. डबा बंद करून लिटरच्या पिशव्या आणल्या आणि महिन्याला तीन पिशव्या एवढीच हद्द आखली. सासूबाई चार दिवस रुसल्या. मग त्यांचीच साखर उतरायला लागली.

दवा बाजारातलं पेन

मार्च २०२६मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांची रूपं बाजारात येऊ लागली. फिजिशियननं चिठ्ठीवर ब्रँड न लिहिता औषधाचं नाव, डोस आणि पायऱ्या लिहिल्या. त्याआधी चार गोष्टी विचारल्या : घराण्यात मेड्युलरी थायरॉइड कर्करोग आहे का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, गरोदरपणाची शक्यता आहे का. नेहमीचा थायरॉइड, ज्याची गोळी अर्धं इंदूर घेतं, तो वेगळा. त्याची आडकाठी नाही.

नवरा दवा बाजारात गेला तेव्हा हातातल्या कागदावर प्रश्न होते. ०.५ आणि १ मिलिग्रॅमवर महिन्याचा भाव किती (०.२५चा नाही, तो आमिषाचा असतो)? पेन की व्हायल? खोक्यावर वजनासाठी मंजुरी लिहिली आहे की फक्त मधुमेहासाठी? पक्क्या बिलावर बॅच नंबर आणि मुदत येईल का? एका दुकानानं शेवटच्या प्रश्नावर टाळाटाळ केली. तिथून घेतलं नाही.

व्हायल पेनापेक्षा स्वस्त होती. ती घेतलीच जाणार होती, पण फिजिशियनच्या सांगण्यावरून घरी आधी साध्या पाण्यावर रंगीत तालीम झाली आणि त्यात घोळ उघडा पडला.

समजा व्हायलमध्ये एका मिलित २ मिलिग्रॅम आहेत. ०.२५ मिलिग्रॅमसाठी ०.१२५ मिलि ओढायचं. १०० युनिटच्या सिरिंजवर, जिचं टोपण नारिंगी असतं, ते साडेबारा युनिट. सासूबाईंच्या डब्यात मात्र लाल टोपणाच्या ४० युनिटच्या सिरिंज होत्या, कारण आपल्याकडे व्हायलमधलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं येतं. तिच्यावर साडेबाराच्या रेघेपर्यंत ओढलं तर ०.३१ मिलि येतं. म्हणजे ०.६२ मिलिग्रॅम, अडीच पट. मुलानं लाल टोपणाचीच सिरिंज उचलली होती. फेब्रुवारीतलं सलाईन सगळ्यांना आठवलं.

शहाण्या माणसाला नारिंगी सिरिंजचं वेगळं पाकीट आणून हा घोळ टाळता येतो. ज्या घरात दुसरं कोणी इन्सुलिन घेत नाही तिथे व्हायल खुशाल घ्यावी. इथे एकाच फ्रिजमध्ये दोन औषधं, दोन जातीच्या सिरिंज आणि तीन टोचणारे हात होते. पेन घेतलं. ०.५वर ते बजेटात बसत होतं, १वर जेमतेम.

पेनालाही पथ्यं आहेत. सासूबाईंचं दिवसभर काम करणारं दुसरं इन्सुलिन, बेसल, पेनात असतं आणि दोन्ही पेनं लांबून सारखी दिसतात. ज्याला मधुमेह नाही त्याला १८ युनिट इन्सुलिन टोचलं गेलं तर साखर कोसळून जीवावर बेतू शकतं. म्हणून दोन डबे वेगवेगळ्या खणांत ठेवले. एकावर नेलपॉलिशचा लाल पट्टा, आणि टोचण्याआधी नाव मोठ्यानं वाचायचं. पेन वाटून घ्यायचं नाही, सुई बदलली तरी नाही; रक्ताचा अंश पेनात मागे जातो. ठेवायचं २ ते ८ अंशांत, मधल्या खणात. दारात तापमान हलतं आणि बर्फाच्या कप्प्याला टेकलं तर गोठतं. गोठलेलं पेन वितळून नीट दिसलं तरी फेकायचं. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून दुकानातून घरी थर्मासच्या पिशवीत आणायचं आणि स्कूटीच्या डिकीत कधीही ठेवायचं नाही. उघडल्यावर किती दिवस चालतं हे प्रत्येक कंपनीच्या पत्रकात वेगळं असू शकतं. उघडल्याची तारीख खोक्यावर पेननं लिहिली.

बारा आठवडे

सुरुवातीला वजन ८१ किलो. ०.२५वर चार आठवडे, मग ०.५. तिसऱ्या आठवड्यात बद्धकोष्ठ झालं. इसबगोल आणि मोजून अडीच लिटर पाण्यानं सुटलं. भूक नसली की तहानही कळत नाही, आणि उन्हाळ्यात त्यातूनच चक्कर येते. सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, एकदा कचोरी आणि जिलेबी झाली, त्यावर सकाळपर्यंत मळमळ. जठर संथ असताना तेल तासन् तास तिथेच पडून राहतं. भुट्ट्याचा कीस अर्धी वाटी मात्र सोसतो.

खाणं कमी झालं की स्नायूही झिजतात. रोज ७० ग्रॅम प्रथिनं ठरवली आणि ताटात ती आधी खायची. सकाळी पोहे अर्धे, सोबत १०० ग्रॅम पनीर. दुपारी घट्ट वरण किंवा उसळ, दही. संध्याकाळी भाजलेले चणे मूठभर. रात्री सोयाबीन वड्यांची भाजी, कोरड्या ३० ग्रॅम वड्यांत सुमारे १५ ग्रॅम प्रथिनं. शिवाय खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं, दिवसातून तीनदा. गुडघ्यांमुळे जिने नकोत असं ठरलं होतं. दहाव्या आठवड्यात बाई आपणहून चढू लागल्या.

बाराव्या आठवड्यात वजन ७७.४, कंबर ९६, टीएसएच ३.१. उतार ४.४ टक्के, ब्रँडेड पेनाच्या पहिल्या फेरीपेक्षा थोडा हळू. त्या वेळी बाई १वर होत्या, आता ०.५वर आहेत. दर आठवड्याला काटा अजून हलतो आहे, म्हणून डोस वाढवायचा नाही असं फिजिशियननं ठरवलं. पायऱ्या चढून २.४चा पूर्ण डोस गाठायलाच हवा असं नाही. सलग चार आठवडे वजन थबकलं आणि भूक परतली तर १. त्यासाठी महिन्याला लागणारी जास्तीची रक्कम नवऱ्यानं आतापासून वेगळ्या पाकिटात टाकायला सुरुवात केली आहे.

उजव्या बरगडीखाली जेवणानंतर कळ, पोटातून पाठीत जाणारी सतत वेदना किंवा दिवसभर पाणीही न टिकणं यांपैकी काही झालं तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी दाखवायचं, हे फ्रिजच्या दारावर मराठीत चिकटवलं आहे. त्याखाली पुढच्या तपासण्यांची तारीख आहे : एचबीए१सी, बी१२, यकृताच्या चाचण्या. पेनाचं नवं खोकं त्या आधीच्या शुक्रवारी आणायचं.